तकलीवाले सर

भाव न करता मासे घेणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. भाव केला की माणूस कळतो. कुठे अडतो, किती वाकतो, स्वतःच्या तोंडाने बोलतो की बायकोचं नाव पुढे करतो, रागाने निघून जातो तो कितव्या पावलावर मागे वळतो, हे सगळं दोन मिनिटांत समजतं. मालवणच्या बाजारात मी तीस वर्षं पाटी मांडून बसते आहे. आधी दुसऱ्यांचे मासे विकले, मग स्वतःच्या होडीचे. आता दोन होड्या आहेत आणि घरावर माळा चढवला आहे. हे मला कोणी दिलेलं नाही, एकेका गिऱ्हाइकाशी भांडून मी ते उभं केलं. आणि हा माणूस पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभा राहिला, मी सांगितलेला आकडा ऐकला, मान डोलावली आणि पाकीट काढलं.

मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी आकडा वाढवला. त्यांनी दिला. तिसऱ्या दिवशी आणखी वाढवला, तोही दिला. चौथ्या दिवशी एका नरम पडलेल्या माशाच्या डोक्याला मी असा भाव सांगितला, की बाजूच्या बायका हसायच्या थांबल्या. त्यांनी नोटा मोजून पाटीच्या कडेला ठेवल्या. मी त्या उचलून त्यांच्या खिशात परत कोंबल्या आणि विचारलं, तुम्हाला घरी कोणी शिकवलं नाही का? ते म्हणाले, "तुम्हाला किंमत जास्त माहीत असणार. मला अजून माहीत नाही."

हे त्यांचं पालुपद होतं. मला अजून माहीत नाही. पगार झाल्याचं सांगावं तशा सुखाने ते हे सांगत. माझ्या धंद्यात ज्याला माहीत नाही तो उपाशी मरतो. माहीत नसलं तरी आम्ही तसं दाखवत नाही.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. बाजारात ते कोणाला ठाऊकही नव्हतं. आमच्याकडे डोक्याला तकली म्हणतात. माशांच्या तकल्या घेणारे म्हणून तोंडावर ते तकलीवाले सर आणि पाठीमागे नुसता तकलीवालो. मूळचे वैभववाडीकडचे, वय पन्नाशीच्या अलीकडचं, एका कॉलेजात वर्षावर्षाच्या करारावर शिकवायचे. उन्हातसुद्धा बंद छत्री घेऊन फिरायचे आणि छत्रीच्या दांड्याने वाळूवर गणितं करायचे. त्यात हा माणूस शिवराक. मासा तोंडाला लावायचा नाही. सकाळभर माशांची डोकी फोडायची आणि दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि लिंबाचं लोणचं खायचं.

त्यांना हवे असायचे ते डोक्यातले खडे. तांबोशासारख्या माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, दोन पांढरे खडे असतात. मोठ्या माशाचा खडा कलिंगडाच्या बीपेक्षा थोडा मोठा. आम्ही जन्मभर ते जेवताना थुंकून टाकले. सरांनी मला ते घासून, पातळ करून, भिंगाखाली दाखवले. झाडाच्या बुंध्यात असतात तशी वर्तुळं होती. एक वर्ष, एक वर्तुळ. कुठल्या पाण्यात मासा वाढला, तेही त्या खड्यात उतरतं म्हणे. सर डोक्याला मागून एक बारीक चीर देऊन खडे काढायचे आणि डोकं मला परत करायचे. मी तीच तकली कालवणासाठी दुसऱ्याला विकायचे. एका डोक्याची दोन गिऱ्हाइकं. तेवढ्यासाठी मी त्यांना सोसलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण धंदा मोडायची त्यांची ताकद मोठी होती. एकदा मुंबईचं एक कुटुंब चांगला पाच किलोचा तांबोसा घ्यायला तयार झालं होतं. भाव ठरला होता, मी कापायला अडाळ्यावर बसले होते. सर बाजूला उभे. सकाळीच त्याचा खडा काढून घासला होता, तो भिंगाखाली धरून ते आनंदाने म्हणाले, "ताई, हा एकोणीस वर्षांचा आहे." त्या बाई दोन पावलं मागे सरल्या. एकोणीस वर्षांचा मासा त्यांना नको होता, ताजा हवा होता. मी समजावलं, शपथा घेतल्या, पण ती माणसं गेली ती गेलीच. त्या दिवशी मी सरांना जे बोलले, ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. मी काहीही बोलले तरी शब्दन् शब्द लिहायचे, हा त्यांचा नियम होता. पुढे आमच्या माळ्यावर ते भाड्याने राहायला आल्यावर मी पाहिलं. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या शेकडो बाटल्या खिडकीत रांगेत. प्रत्येकीत दोन खडे आणि एक चिठ्ठी. एका चिठ्ठीवर अवतरणचिन्हात लिहिलेलं: "ह्यो मेलो काल गावलो, पलीकडच्या खडपावरचो." त्यातलं 'मेलो'सुद्धा गाळलं नव्हतं.

त्या चिठ्ठीपाशीच सगळं घोडं अडलं.

आमच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली एक खडप, म्हणजे खडक आहे. तिथे जुने, मोठे मासे राहतात. ते नेमकं कुठे आहे हे किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून कळतं, आणि त्या खुणा कोणी कोणाला सांगत नाही. मला त्या माझ्या नवऱ्याने लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितल्या. आता माझा दीर होडी नेतो, त्याच्या जावयालाही ठाऊक नाहीत. मासा कुठला असं विचारलं की आमच्यातलं कोणीही खोटी जागा सांगतं. ह्याला आम्ही खोटं म्हणतही नाही. वाकून नमस्कार केल्यावर तोंडातून आशीर्वाद निघतो, तसं ते निघतं. मी नेहमी खाडीपलीकडच्या गावाच्या खडपाचं नाव घ्यायचे. दोन वर्षं सर प्रत्येक माशापाशी विचारायचे, "ताई, हा कुठला?" आणि दोन वर्षं मी सांगत आले, पलीकडच्या खडपावरचा. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या गावासमोर काही मिळत नाही का? मी म्हटलं, "थंय काय नाय. नुसतो दगड. जाळी फाटतत." तेही लिहून घेतलं.

आता मला सांगा, यात चूक कोणाची? बाजारातल्या बाईने मासा कुठला म्हणून सांगितलं आणि पदव्या मिळवलेल्या माणसाने ते खरं धरलं. भाजी घेणारासुद्धा वांगं उलटं करून बघतो.

माणसं तर आमच्या किनाऱ्यावर संशोधनाला येतातच. गेल्या काही वर्षांत एवढी आली, की रापणीच्या जाळ्याची दोरी ओढायला माणूस मिळत नाही, पण दोरी कोण कुठे धरतो ते मोजायला मिळतो. एक जण कासवांची अंडी मोजायला आला. एक बाई आमच्या शिव्या टेप करून घेऊन गेली, त्यातल्या अर्ध्या मी दिल्या. देवबागेत एक जण वाळूच्या जिभेवर काठ्या रोवून गेला, समुद्र किती खातो ते बघायला. समुद्राने काठ्या खाल्ल्या. एका मुलीने मला विचारलं होतं, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात, एक ते पाच. मी साडेतीन म्हटलं. ती म्हणाली, साडेतीन चालत नाही. मग आम्ही घासाघीस केली आणि चारावर तुटली. ती चांगली मुलगी होती, पण पुन्हा आली नाही. ह्यातलं कोणीच पुन्हा येत नाही. आपण काय सांगितलं, त्याचं त्यांनी काय केलं, कुठे छापलं, काही कळत नाही. माझा राग खरा ह्या जातीवर होता. सरांनी पहिल्या आठवड्यात माझ्यापुढे एक कागद ठेवला होता, सही करा म्हणाले. मी विचारलं, ह्यात माझा फायदा काय? म्हणाले, "काही नाही. एवढंच, की तुमचं नाव मी कुठेही सांगणार नाही आणि जागा कुठेही छापणार नाही, ढोबळ भाग तेवढा दाखवीन." फायदा नाही असं तोंडावर सांगणारा पहिलाच भेटला. मी सही केली.

आणि सर परत आले. काम संपल्यावर माळा सोडून गेले होते, पण लेख छापून आल्यावर एसटीने, छत्री आणि पिशवी घेऊन, तो मला दाखवायला आले. परदेशातल्या मासिकात, इंग्रजीत. मला इंग्रजी येत नाही, पण नकाशा कळतो. खाडीपलीकडच्या समुद्रात मोठा काळा गोल होता: जुने मासे, जपण्यासारखी जागा. आमच्या समोर रिकामा गोल. सर समजावून सांगत होते आणि मी पदराआड हसत होते. माझं खोटं परदेशात छापून आलं होतं आणि आमचं खडप कधी नव्हे इतकं झाकलं गेलं होतं. मी त्यांना काजू बांधून दिले. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला. हे लिहायला जड जातं, पण वाटला.

वर्षाने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. उत्तरेकडच्या एका बंदराची वाट खोल करायची होती. उपसलेला गाळ समुद्रात टाकायला जागा ठरली होती. खाली नकाशा आणि त्यावर चौकट. चौकट बरोबर आमच्यासमोर. कारण दिलं होतं की मासेमारीच्या दृष्टीने हा भाग निरुपयोगी असल्याचं संशोधनातून दिसून आलं आहे.

दिराने नोटीस वाचली आणि माझ्याकडे बघितलं.  त्याचा बाप, माझा नवरा, तो स्वतः, सगळे त्या खडपावर जगले. गाळ पडला की दगडाची भोकं बुजतात, मासा जातो आणि परत येत नाही. दोन होड्या, दिराची चार माणसं, माझी पाटी, सगळं त्या एका दगडावर उभं.

मी सरांना फोन केला आणि आधी भरपूर बोलून घेतलं. मग म्हटलं, या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले, बाटल्यांचं खोकं घेऊन. माळ्यावर जमिनीवर बसले. मी उभीच होते. सांगितलं की पलीकडच्या खडपावरचे म्हणून दिलेले मासे आमच्या खडपावरचे होते.

"कुठले कुठले?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"दोन्ही वर्षांचे?"

"सगळे म्हणजे सगळे."

मला वाटलं हा माणूस ओरडेल. मी त्याच तयारीने उभी होते, माझंही उत्तर तयार होतं.  सरांनी एक बाटली उजेडात धरली, दुसरी धरली, आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "म्हणजे किनाऱ्याच्या इतक्या जवळ वीस-वीस वर्षांचे मासे? ताई, हे फार मोठं आहे. हे कुठेच ऐकलेलं नाही."

डोक्यावर गाळ यायची वेळ आली आणि हा माणूस खूश. मी त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली. विचारलं, तुमचे दगड पाणी कुठलं ते सांगतात ना, मग त्यांनी सांगितलं नाही?

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "खड्यात खाडीच्या गोड्या पाण्याची खूण होती, आणि पलीकडचं खडप खाडीच्या तोंडापासून लांब आहे. दगडांचं आणि तुमचं जमत नव्हतं. मी तुमचं धरलं."

"कशाला धरलंत?"

"तुम्हाला मला फसवायचं काही कारण असेल असं वाटलं नाही."

मी हातातली बाटली त्यांच्या खोक्यात परत ठेवली. 

सुनावणी मालवणातच एका हॉलमध्ये होती. पुढे साहेब, बाजूला बंदराची माणसं. मागे आमचं गाव, खाडीपलीकडचं गाव, आणि भिंतीला टेकून मोठ्या ट्रॉलरांचे चार मालक. त्यांना गाळाचं काही सोयरसुतक नव्हतं. ते कान उघडे ठेवून आले होते, जुन्या माशांची जागा कळली तर बघावी म्हणून. आमचा दीर त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होता.

सर उठले आणि आपला लेख चुकीचा आहे, म्हणाले. मासिकाला पत्र पाठवून तो मागे घेतला आहे, म्हणाले. साहेबांनी विचारलं, चूक कशी झाली? सर म्हणाले, जागेची माहिती मी तपासली नाही. साहेबांनी विचारलं, माहिती कोणी दिली? सर म्हणाले, "ते नाव न सांगण्याचं मी लिहून दिलेलं आहे." हॉलमध्ये कोणीतरी हसलं. साहेब म्हणाले, नाव नाही, जागा नाही, कालचा लेख खोटा आणि आजचं तोंडी बोलणं खरं, हे मी कसं लिहू? सर खोकं घेऊन तसेच उभे. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. त्या शब्दाची मालकीण तिसऱ्या रांगेत बसली होती.

मी किती वेळ बसून राहिले ते सांगत नाही. बसून राहिले, एवढं खरं. माझी गिऱ्हाइकं तिथे होती. ज्यांना मी तीस वर्षं 'आजचो, ताजो, अमक्या ठिकाणचो' सांगितलं, ती सगळी. मग उठले. ऑफिसातलं मराठी बोलायचं ठरवून आले होते, पण तोंडातून आलं ते आमचंच. "खोटा मी सांगलंय. मासे त्या चौकटीतलेच आसत."

साहेब म्हणाले, मग नकाशावर नेमकी जागा दाखवा. भिंतीकडचे चौघे सरळ झाले. मी म्हटलं, इथे नाही. तुम्ही माझ्या होडीतून चला, एकटे, फोन किनाऱ्यावर ठेवून. साहेबांना दोन माणसं आणि जागा नोंदवणारं यंत्र न्यायचं होतं. बरंच घासल्यावर एका कारकुनावर तुटली, यंत्राशिवाय. दोन दिवसांनी नेलं. साहेबांना उलट्या झाल्या, पण दिराने गळ टाकला आणि पहिल्याच खेपेला तांबोसा वर आला तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला. चौकट हलली.

हलली ती खाडीपलीकडच्या खडपावर. सुधारलेल्या माहितीप्रमाणे आता तो भाग रिकामा होता. सर कार्यालयात तीनदा गेले. त्या खडपावरचा एकही मासा मी पाहिलेला नाही, म्हणून सांगितलं. माहीत नाही म्हणजे नाही असं नव्हे, म्हणाले. त्यांचा अर्ज घेतला, पोच दिली. पुढली सुनावणी लागली.

सरांचा कॉलेजातला करार पुढे वाढला नाही. लेख मागे घेतलेला माणूस त्यांना नको होता. मी म्हटलं, मी येते, सांगते की मी फसवलं. म्हणाले, "तपासणं माझं काम होतं." मी भांडले. माझी चूक आहे तर माझ्या पदरात टाका, तुम्ही कोण ती उचलणारे, असंही बोलले. ते ऐकून घेत होते आणि छत्रीचा दांडा जमिनीवर फिरवत होते. असल्या माणसाशी भांडणं म्हणजे वाऱ्यावर मुठी मारणं. निदान एकदा तरी मला म्हणाला असता की बाई, तुझ्यामुळे माझं वाटोळं झालं, तर मी पुढचं बघून घेतलं असतं. ती संधीही दिली नाही.

आता ते दर शुक्रवारी येतात. वैभववाडीला मुलांच्या शिकवण्या घेतात आणि आठवड्याचा एक दिवस इथे. पण माझ्या पाटीसमोर थांबत नाहीत. माझ्या बाजूला वीस वर्षं जी बसते ती खाडीपलीकडची. तिच्याच गावावर गाळ चालला आहे. सुनावणीनंतर तिने माझ्याकडे पाठ केली आहे, पाटीसुद्धा आडवी लावते. सर तिच्याकडून तकल्या घेतात. सांगेल तो भाव देतात. तिच्या खडपावर मासे आहेत हे सुनावणीत खड्यांवरून दाखवायचं आहे, हे त्यांनी तिला समजावलं होतं. तिने ऐकून घेतलं. तिच्या डोक्यात एवढंच आहे, की ह्या माणसाने आणि त्या बाईने मिळून गाळ आपल्यावर ढकलला.

गेल्या शुक्रवारी सुनावणीला सतरा दिवस राहिले होते. सर तिच्यासमोर उकिडवे बसले, वही काढली आणि विचारलं, "ताई, हा कुठला?"

तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "ह्यो? हिच्या खडपावरचो."

आणि हा माणूस लिहायला लागला. सहा आठवडे हेच चाललं होतं, मी कानांनी ऐकत होते. त्या दिवशी मला राहवलं नाही. उठून त्यांच्या पेनावर हात ठेवला. म्हटलं, ती खोटं सांगते आहे. तुम्हाला एकदा आपटून कळलं नाही?

"तसं असेलही," सर म्हणाले. "पण तिचं खरं तुम्ही कसं सांगणार? तिनेच सांगायला हवं." म्हणाले, ह्या वेळी दगडांचं वेगळं लिहितो आहे आणि तिचं वेगळं. दोन्ही सुनावणीत मांडीन. दोन्ही मांडल्यावर साहेब काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. गेल्या वेळी म्हणालेच होते.

मी तिच्याकडे वळले. "गो, तो तुझ्याच खडपासाठी येता. खरा सांग त्येका."

ती खवले काढायची थांबली नाही. "तू सांगलंस खरा? दोन वर्सां?"

"नाय सांगलंय. म्हणानच बोलतंय."

"तुझा खडप वाचला आणि घाण आमच्यार घातलंस. आता माका शाणपण शिकवतंस? शिरा पडो तुझ्या तोंडार."

बाजार ऐकत होता. हिला मी वीस वर्षांत सुट्टे पैसे दिले आहेत, हिने माझी पाटी राखली आहे, आणि एकमेकींची गिऱ्हाइकं आम्ही इतक्या वेळा पळवली आहेत की मोजदाद नाही. फुकट ती मला काही देणार नव्हती. मीही दिलं नसतं. मी तिच्या पाटीच्या अलीकडे, ओल्या फरशीवर बसले.

"तू तुझी जागा त्येका सांग," मी म्हटलं. "माझी मी तुका सांगतंय. आत्ता."

सुरी थांबली.

मी तिच्या कानाशी वाकले आणि आमच्या खडपाच्या दोन्ही खुणा सांगितल्या. पहिली, दुसरी आणि त्या कुठल्या बाजूने धरायच्या ते. दिराला हे अजून सांगितलेलं नाही, तो हे वाचेल तेव्हा त्याला कळेल आणि मग जे व्हायचं ते होईल. ती दर्यावरच्या घरात वाढलेली आहे. खुणा खऱ्या की खोट्या हे तिला ऐकताच कळलं असणार, कारण तिने पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं.  मग हात पदराला पुसले.

"सर," ती म्हणाली, "वयी काडा. लिवल्यात ता खोडा."

सरांनी पानं मागे उलटली. "कुठल्या तारखेपासून खोडू?"

"पयल्यापासून."